फुंक

नळी दरवेळी नवी.
पुडी मी समोरच फाडते,
नाहीतर म्हणतात, बाई, कुणाची उष्टी देताय?
सकाळी नळ्यांचा हिशेब, सहीनिशी.

देवनार डेपोच्या अलीकडे, पुलाच्या पोटाखाली
तीन बॅरिकेड, एक मशीन
आणि सरकारी पत्रकांचा गठ्ठा :
'घरी कुणीतरी आपली वाट पाहत आहे.'
खाली मदतीचा नंबर, वर हसरं कुटुंब,
चौघांचे दात एकसारखे.
खुर्ची एकच, ती साहेबांची.
मी गठ्ठ्यावर बसते.

आज गटारी.
उद्यापासून श्रावण म्हणून
महिन्याभराचं आजच उरकायची घाई.
फुंका. जोरात. ओढू नका, फुंका.
झोपेतही मी हेच म्हणते, असं माझी मुलगी सांगते.

माणसं काय काय करतात त्या नळीशी.
कुणी बासरीसारखी आडवी धरतो,
कुणी उसाचा रस असल्यासारखा आत ओढतो,
कुणी गाल फुगवतो आणि नाकानं सोडून देतो.
एक वकील वेलची चघळत मलाच कलम सांगत होता.
एकानं रडत विचारलं, तुमच्या मशीनला देव आहे का नाही?
आहे. तीस.
त्याच्या वर गेलात की कोप.

सव्वाबाराला एक स्कूटर. हेल्मेट डोक्यापेक्षा मोठं.
काच वर केली तर मिसरूड,
तेही अजून ठरवत होतं यायचं की नाही.
प्रणित भोईर, ट्रॉम्बे कोळीवाडा.
वय? एकवीस.
जन्मसाल विचारलं तर बोटं मोजायला लागला.
फुंक म्हटलं.
डोळे मिटून फुंकला, केकवरच्या मेणबत्त्यांवर फुंकतात तसा.
चौसष्ट.
"बीअरच होती, मॅडम."
दुकानात वय नाही विचारलं?
"विचारलं. मी म्हटलं, पप्पांना पाहिजे."

पप्पांना बोलावलं.
पप्पा आले, शेजाऱ्याची मोटरसायकल स्वतः चालवत.
आल्या आल्या पोराच्या कानाखाली एक,
मग मला हात जोडले
आणि जोडलेल्या हातांवरून तो वास आला.
मी दुसरी पुडी फाडली.
एकशे बारा.
पोरगा खाली बघत होता,
पण आकडा त्यानं ऐकला.

दोन गाड्या कडेला, दोन किल्ल्या माझ्या खिशात.
साहेब म्हणाले, आता यांना नेणार कोण?

ती रिक्षातून उतरली.
गाऊनवर ओढणी, एका पायात स्वतःची चप्पल,
दुसऱ्यात बहुधा मुलाची.
हाताला कोळंबीचा वास, फ्रिज आवरता आवरता उठलेली.
ओरडेल वाटलं. नाही ओरडली.
नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं,
मशीनकडे जरा जास्त वेळ.
"मला पण द्या."
अहो, तुम्ही कुठे गाडी चालवताय?
"द्या ना."

हिशेब मलाच द्यायचा असतो.
तरी फाडली.
चुलीशी फुंकणी धरावी तशी धरली तिनं,
आणि फुंकली लांब, सवयीनं, बेंबीपासून.
मशीन थोडं अडलं.
मग शून्य, शून्य, शून्य.
"चिठ्ठी येते ना याची?"
येते.
अकरा वर्षांत शून्याची कुणी मागितली नव्हती.
चार घड्या घालून तिनं ती
पर्सच्या चेनवाल्या कप्प्यात ठेवली,
सोनाराची पावती ठेवतात तशी.

मी उठून एक पत्रक दिलं, बसून गरम झालेलं.
हसऱ्या कुटुंबाकडे तिनं पाहिलंही नाही.
"नंबर लागतो का हा?"
मला काय माहीत.
रिक्षात ती मध्ये बसली,
दोन बाजूंना दोघे, एकमेकांना न दिसता.

पहाटे नळ्या मोजल्या.
चोपडीत एकीपुढे शेरा लिहायचा राहिला.
साहेब जीपमध्ये घोरत होते.
मी तो नंबर लावला,
लागतो का बघायला, दुसरं काही नाही.
चौथ्या रिंगला कुणीतरी उचलला,
झोपेतला बाईचा आवाज :
बोला. ऐकतेय मी. बोला ना.
मला सुचेना.
माझा श्वास तेवढा गेला तिच्यापर्यंत,
आणि तिनं फोन ठेवला नाही.